तड्याचे दोन काठ

कट्.

फार वर्षांपूर्वी त्या राज्यात एवढाच आवाज झाला होता. ज्यांनी तो ऐकला त्यांना तो कुठून आला हे सांगता येईना, आणि पुढे पुढे तो खरेच झाला होता का, याचाही घोळ झाला.

ते राज्य एका जुन्या तुळईत वसलेले होते. तिथे लाकडाचे सगळे तंतू एकाच दिशेला तोंड करून राहत. पुढच्या-मागच्याशी रक्ताचे नाते. ते कितीही ओढले तरी तुटत नसे. बाजूच्याशी मात्र नुसता हात धरलेला असे, शेजार म्हणून. मधोमध लाकडाची जुनी गाठ, म्हणजे गाठोजी, बसलेला असे. तो कधी हलत नसे. सगळे त्याला वळसा घालून जात, आणि त्यालाच तो मान समजे.

राज्याच्या आत शिरायला बंदी होती, कारण आत शिरायचे म्हणजे कापावे लागे. म्हणून नवे ओझे चढवण्याआधी म्हातारा मुंगळा शिवेवरून फिरे. काठावरच्या प्रत्येकाला तो एवढेच विचारी, "किती सरकलास, बाळा?" काठ जे सांगे त्यावरून आतल्यांचे हाल त्याला कळत. आजवर त्याचे कधी चुकले नव्हते.

यंदा आणखी एक ओझे यायचे होते. मुंगळ्याने 'झेपेल' म्हटले की ते चढणार होते. पण या खेपेला काठांची उत्तरे जुळेनात. लांबीच्या अंगाने सगळे निवांत, आडव्या अंगाने नुसती कुरकुर. मुंगळा पुन्हा फिरला, तेव्हा त्याला तो तडा दिसला. तडा पडला म्हणजे तिथेही काठच झाला, असे मनाशी म्हणत तो आत उतरला.

तड्याच्या एका काठावर तांबडी होती, समोरच्या काठावर पिवळी. कधीकाळी एकमेकींचा हात धरून राहिलेल्या शेजारणी.

"तांबडे, किती सरकलीस गं?"

"मी कशाला सरकू? मी आहे तिथंच आहे. ती गेली उठून."

तो पिवळीकडे वळला. "तू किती सरकलीस?"

"मी कशाला सरकू? मी आहे तिथंच आहे. तिला विचारा ना. तिलाच गाठोजीच्या पंक्तीला बसायची हौस!"

मुंगळा गोंधळला. त्याने दोघींना विचारले होते आणि हाती उत्तर एकच आले होते. तो मिशा चोळत बसून राहिला. मग त्याने तांबडीला निराळेच विचारले.

"सरकण्याचं राहू दे. तुझ्या हाताला ताण किती आहे, ते सांग."

तांबडीने आपल्या रिकाम्या हाताकडे पाहिले. "काहीच नाही, बुवा. हातात कुणाचा हातच नाही, तर ताण कुठून असेल?"

ते ऐकून समोर पिवळीने मान खाली घातली. "केसभर," ती म्हणाली. "केसभर सरकले मी."

मुंगळ्याचा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. वरचे ओझे तर होते तेवढेच होते. इथे ताण नव्हता, मग तो गेला कुठे?

तो काठाकाठाने चालत राहिला. फट अरुंद होत गेली. जिथे ती संपत होती तिथे भुरी आणि काळी या दोन कोवळ्या शेजारणी एकमेकींची बोटे धरून उभ्या होत्या. बोटे पांढरी पडली होती.

"या बुवा," भुरी हसली. "पाणी विचारलं असतं, पण हात मोकळा नाही."

"फार दुखतंय का?"

"हिला विचारू नका," काळी म्हणाली. "ही फूल पडलं तरी विव्हळते. गाठोजीचा निरोप आलाय की भार सगळ्यांना सारखाच आहे. मग आम्हालाच जास्त वाटतो, तो आमचा नाजूकपणा."

"तूच काल रडत होतीस!" भुरी म्हणाली. तिला मान वळवता येत नव्हती. "बुवा, तुम्ही तिकडूनच आलात ना? आमच्या मागं तांबडी, पिवळी धरून आहेत ना अजून?"

मुंगळ्याने मागे पाहिले. मग त्या बोटांकडे पाहिले. त्याने पाय टेकवला, तशी ती थरथरली.

मग तो 'झेपणार नाही' एवढेच मनाशी घोळवत, एकेक पाय अलगद ठेवत, गाठोजीच्या दिशेने चालू लागला.