कंपनीच्या ब्लॉकला किती झेपतं?

उसाच्या पट्ट्यात एका तालुक्याच्या गावाबाहेर इंजिनं उघडायची एक जुनी शेड होती आणि त्या शेडमध्ये गुंडाप्पा नावाचे एक वृद्ध मिस्त्री होते. ज्ञानी माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे पांढरी दाढी आणि वडाचं झाड येतं. ह्या ज्ञानी माणसाच्या नखांत चाळीस वर्षांचं काळं ऑइल होतं, आणि तोंड असं फटकळ की सकाळच्या पारी गिऱ्हाईक पुढे यायला बिचकायचं. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

पिराजी हा त्यांचा शिष्य. अठराव्या वर्षी आला, आता पस्तिशीचा झाला होता. नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचा. अण्णांच्या दोन्ही मुली सासरी सुखात होत्या, तेव्हा शेडचा वारस पिराजीच, हे गावानं धरूनच ठेवलं होतं. पण शिष्याला गुरूपेक्षा मोठं व्हायची घाई असते. गुरूला ती दिसते. दिसून करतो काय बिचारा!

दोन हंगामांपूर्वी एक ठेकेदार पिराजीकडे आला. फडातून साखर कारखान्यापर्यंत ऊस ओढायला त्याचे पंधरा ट्रॅक्टर होते. सगळे त्याला शेठ म्हणत. म्हणाला, "पिराजी, ट्रॅक्टर पन्नास हॉर्सपॉवरचा हाय. दोन ट्रॉल्यांत तीन ट्रॉल्यांचा माल भरतो आम्ही. चढाला बसतंय धूड. जरा घोडे वाढव की."

पिराजीनं पंपाचं डिझेल वाढवलं. पन्नासाचे साठ-पासष्ट झाले. ट्रॅक्टर चढावर असा धावला की शेठनं पेढे वाटले. महिन्याभरात हेडचं गॅस्केट फुटलं. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये बसणारा तो पातळ पत्रा; दाब वाढला की आधी तोच जातो. पिराजीनं तांब्याचं गॅस्केट घालून दिलं. पुढं हेडचे बोल्ट ताणले. त्यानं ब्लॉकमधली भोकं मोठी पाडून जाड बोल्ट बसवले. मग वर इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा टर्बो चढवला, ऐंशी झाले. जे कुरकुरेल ते काढायचं आणि त्याच्या जागी दणकट काहीतरी ठोकायचं, ही पिराजीची रीत पंचक्रोशीत गाजली. लांबलांबून ट्रॅक्टर येऊ लागले.

अण्णांना हे खपलं नाही. "अरं, कंपनीत बसलेले सगळे काय येडे हायत?" ते गिऱ्हाइकादेखत म्हणायचे. "पन्नास लिहिलंय म्हंजे त्येंनी काय गंमत म्हणून लिहिलंय व्हय?" गिऱ्हाइकं हसायची. पिराजीच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. एक दिवस त्यानं अण्णांचं स्टूल उचललं आणि मागच्या शेडीत नेऊन ठेवलं. "अण्णा, इथं धुरात कशाला बसता? मागं निवांत व्हॉल्व्ह घासा," असं मोठ्या आदरानं म्हणाला. बघणाऱ्यांना वाटलं, शिष्य असावा तर असा.

त्याच सुमारास शेठच्या ड्रायव्हरांची तक्रार सुरू झाली. एवढ्या ओझ्यानं दिवसाला तिसरी खेप होत नाही, डोळे मिटतात, असं ते म्हणू लागले. शेठनं एकाला काढलं, मग दुसऱ्याला. पिराजी म्हणाला, "माझ्या धाकट्या भावाला घ्या. सर्जेराव. गाईसारखा हाय, तोंडातनं ब्र काढायचा न्हाई." सर्जेरावाला घेतलं. घरात भाऊ मार्गी लागला, गावात शब्दाला वजन आलं, पिराजीला आणखी काय हवं होतं!

तिसऱ्या हंगामाच्या ऐन भरात शेठ पुन्हा आला. सर्जेरावाचाच ट्रॅक्टर आणला होता. "ऐंशीचे शंभर कर. घाटातला नवा फड घेतलाय, चढ लई वंगाळ हाय." पिराजीनं दोन दिवसांत इंजिन खोललं. धुऊन-पुसून ब्लॉक टेबलावर ठेवला. बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तो जड ठोकळा, चार नळकांडी पोटात घेऊन, कसा शांत बसला होता. शेठनं त्याच्यावर हात फिरवला आणि जरा घुटमळला. कितीही झालं तरी ट्रॅक्टर त्याचा होता.

"पिराजी, सगळं बदललंस, पर ह्यो ब्लॉक कंपनीचाच हाय. ह्येला नेमकं किती झेपतं?"

"अजून कुरकुरला न्हाई," पिराजी हसून म्हणाला. "काळजी नको."

"तरी अण्णांना एकदा विचारू या. जुनी माणसं हायत."

पिराजीच्या मनाला ते लागलं. पण नाही कसं म्हणणार? त्यानं मागं जाऊन हाक मारली. अण्णा हात पुसत आले. शेठनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. अण्णांनी कोपऱ्यातला रॉकेलचा डबा उचलला आणि नुकत्याच पुसलेल्या स्वच्छ ब्लॉकवर रॉकेल चोपडायला सुरुवात केली. पाव तास ते तसंच ठेवलं. मग फडक्यानं खसाखसा पुसून कोरडं केलं. खिशातून शाळेतला खडू काढला, तो फरशीवर चुरला आणि त्याची पूड त्या ब्लॉकला फासली. काळा ब्लॉक भस्म फासल्यासारखा पांढरा झाला.

"अण्णा, आत्ताच धुतला होता मी!" पिराजी वैतागला. शेठपुढं आपली शोभा होतेय, म्हातारा हट्टानं करतोय, असं त्याला वाटलं.

"चहा सांग," अण्णा म्हणाले आणि बसून राहिले.

चहा आला, संपला. शेठचं दोनदा घड्याळ बघून झालं. अण्णा ब्लॉककडे बघत होते, म्हणून नाइलाजानं बाकीचेही बघत होते. आणि मग दुसऱ्या आणि तिसऱ्या नळकांड्याच्या मधोमध, पिराजीनं वाढवलेल्या बोल्टच्या भोकापासून, त्या पांढऱ्यात एक बारीक काळी रेघ उमटू लागली. तड्यात मुरलेलं रॉकेल आतून बाहेर येत होतं. केसाएवढी रेघ. बघता बघता ती वीतभर झाली.

पिराजीच्या तोंडचं पाणी पळालं. ह्याच इंजिनावर त्याचा भाऊ ह्या हंगामात तीन महिने चढ चढत होता. मागं दोन ट्रॉल्या. चढाला ब्लॉक दुभंगला असता तर ओझं ट्रॅक्टरला घेऊनच मागं आलं असतं, आणि सर्जेरावाला उडी मारायलाही वेळ मिळाला नसता.

"काय कळालं न्हाई," शेठ पुटपुटला. "दोन हंगाम काय सुदिक झालं न्हाई की!"

तेव्हा अण्णा बोलले. आवाज चढवला नाही.

"शेठ, इंजिनात बोलणाऱ्या वस्तू असतात आणि एक न बोलणारी असते. गॅस्केट बोलतं. बोल्ट बोलतात. बेअरिंग तर आख्खा गाव गोळा करतं. ब्लॉक बोलत न्हाई. तुम्ही विचारता, त्येला किती झेपतं. त्येला काय, फुटेपर्यंत सगळंच झेपतं. आकडा कळतो तो फुटल्यावर, आणि तवा तो कुणाच्या कामाचा ऱ्हात न्हाई." मग ते शिष्याकडे वळले. "पिराजी, तुझं पहिलं गॅस्केट फुटलं, तुला वाटलं ते तुझं नाक कापतंय. ते सोता फाटून ब्लॉकला वाचवत होतं, लेका. तू त्येचं तोंड दाबलंस. मग बोल्ट बोलले, त्येंचंबी दाबलंस. मग भार गेला कुठं? ज्येला तोंडच न्हाई त्येच्याकडं गेला."

पिराजीला लाज वाटली. रागही आला, खोटं कशाला सांगू. "मग तुम्ही मला अडवलं का न्हाई?"

"कुरकुरत हुतो की मीबी," अण्णा म्हणाले. "मला तू मागच्या शेडीत बसवलंस."

शिष्यानं मान खाली घातली.

शेठला मात्र असल्या गोष्टींचं कौतुक नव्हतं. त्याचा हंगाम वाहत होता. "बरं, वेल्डिंग मारून भागंल का?"

"बीड हाय. आज धरल्यागत दाखवंल, उद्या शेजारनं फुटंल."

"मग दुसरा ब्लॉक बघतो जुन्या बाजारात. ब्लॉकला काय तोटा हाय व्हय?" शेठ उठला, कपडे झटकले. "पिराजी, तोवर तुझा भाऊ माझ्या दुसऱ्या ट्रॅक्टरवर हाय. ट्रॅक्टर खाली हाय म्हणून माणूस खाली कशाला ठेवायचा? सोन्यासारखं माणूस बघ. काल तर चौथी खेप केली. एका शब्दानं बोलला न्हाई."

हे तो कौतुकानं म्हणाला. कालपर्यंत पिराजीनंही ते कौतुकानंच ऐकलं असतं. आता मात्र त्याला 'एका शब्दानं बोलला न्हाई' एवढंच ऐकू आलं. त्यानं अण्णांकडे पाहिलं. अण्णा बेसिनपाशी हात धूत होते. त्यांनी सांगायचं ते सांगून टाकलं होतं.

पिराजीनं मोटारसायकल काढली. साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग लागली होती. टळटळीत दुपार. सत्तर-ऐंशी ट्रॅक्टर ओलांडल्यावर सर्जेराव दिसला. ट्रॉलीच्या सावलीत पाय पसरून बसला होता. डबा उघडा होता आणि त्यात हॉटेलातले पाव होते.

"पाव? शालननं भाकरी न्हाई दिली?" शालन ही सर्जेरावाची बायको.

सर्जेराव हसला. लहानपणापासून तो असाच हसायचा; मार बसला तरी हसायचा. "ती माहेरी हाय."

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं."

दिवाळी होऊन तीन महिने झाले होते. दोघा भावांच्या घरांच्या मधे एकच गल्ली होती. पिराजी त्याच्या शेजारी मातीत बसला.

"भांडलासा?"

"छ्या. ती म्हणाली, तुम्ही सगळ्यांना हू म्हणतासा, माझ्या वाट्याला निस्तं झोपलेलं माणूस येतंय. खरंच हाय की ते. पोराला घिऊन गेली." त्यानं पावाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "परवा घाटात डोळा लागला, दादा. गाडी कठड्याला घासली. शेठला सांगितलं न्हाई."

"अरं, मला तरी सांगायचं होतंस!" पिराजी जवळजवळ ओरडला. पुढचा ड्रायव्हर वळून बघू लागला.

"तू शेठला म्हणालतास, ह्यो ब्र काढायचा न्हाई." सर्जेराव ते साधेपणानं म्हणाला, टोमणा मारणं त्याला येतच नव्हतं. "तुझा शब्द गेला असता."

पिराजीला शिव्या द्याव्याशा वाटल्या, शेठला, शालनला, कुणालाही. देण्याजोगा माणूस एकच होता आणि तो त्याच्याच कपड्यांत बसला होता. आवाज सावरून तो म्हणाला, "खाली ठेव चावी. आजपासनं न्हाई जायचं."

"बरं," सर्जेराव म्हणाला. लगेच म्हणाला. जसं त्यानं दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरवर बसताना म्हटलं असेल तसंच. आणि खिशातून चावी काढून भावाच्या हातावर ठेवली.

तेव्हा पिराजीच्या ध्यानात आलं की आपण पुन्हा तेच केलं.

त्यानं चावी त्याच्याच गुडघ्यावर परत ठेवली. "माझं राहू दे, सर्जा. तुला काय पायजे? ट्रॅक्टर पायजे का नगं? शालनला आणायला जायचंय का? तू सांग."

सर्जेरावाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तो विचार करू लागला. खरोखर, मनापासून, शाळेत गणित न सुटणारा मुलगा करतो तसा. पुढची रांग एका ट्रॅक्टरनं सरकली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, तरी तो विचारच करत होता.

"दादा," तो शेवटी म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले, "मला ठावंच न्हाई रं."

पिराजी तिथंच बसून राहिला. मागून शिव्यांचा पाऊस पडत होता, पण त्या दिवशी त्यानं भावाला ना उठवलं, ना घाई केली. जगात कुठल्या वस्तूला किती झेपतं हे आपल्याला कळतं, असं त्याला सतरा वर्षं वाटत आलं होतं. आपल्या पाठच्या भावाला काय हवं, हे विचारायची त्याची पहिलीच वेळ होती.

वाचकहो, तुमच्याही घरात एखादं माणूस असेल, जे कधीच कुरकुरत नाही. आज घरी गेल्यावर त्याला विचारून बघा, आणि उत्तर चटकन आलं नाही तर जेवणाची घाई करू नका.