विषय बंद

एका मोबाइलात एक गाव होतं. गावाचं नाव ‘आपली माणसं’. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेली, माणसं आणि त्यांचे आईवडील असे दोनेकशे जण त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नांदत होते. ॲडमिन होत्या सुमेधाकाकू, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना पसारा खपत नसे. सकाळी प्रश्न, दिवसभर उत्तरं, आणि संध्याकाळी सात वाजले की काकू लिहीत, ‘विषय बंद.’ मग त्या प्रश्नावर कुणी अवाक्षर काढायचं नाही.

चिपळूणची विभावरी या गावात नवी होती. वय तेहतीस, स्वतः स्वमग्न. तोंडाने बोलणं तिला जमत नसे. लिहून बोलता येईल अशी जागा मिळाली म्हणून तिला कोण आनंद झाला होता! पण ती प्रश्न शेवटपर्यंत वाचायची, विचार करायची, लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची. सोमवारच्या प्रश्नाचं उत्तर बुधवारी यायचं.

एकदा कुणीतरी विचारलं, शर्टाचं लेबल मानेला टोचतं, काय करू? दोन दिवसांनी विभावरीने लिहिलं, ‘कात्रीने कापू नका, टोक राहतं. शिवण उसवून काढा.’ तेव्हा ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकचा फोटो होता. झालं! ‘केक उसवायचा का हो, ताई?’ म्हणत सगळे हसत सुटले. ज्याची मान खाजत होती, तोही हसला.

विभावरीला ते फार लागलं. बाहेर कुणी जवळ करत नाही याची तिला सवय होती, पण आपल्यासारख्यांच्या गावातही आपण वेशीबाहेरच? तिने काकूंना लिहिलं, ‘मला उशीर होतो, पण मी उत्तर देते. जुन्या प्रश्नावर लिहू द्या.’ काकूंनी कळवलं, ‘नियम सर्वांना सारखा. पुन्हा असं झालं तर काढावं लागेल.’

मग एका सोमवारी बार्शीच्या संजीवनी गुरव यांनी लांबलचक प्रश्न लिहिला. त्यांची नऊ वर्षांची ईश्वरी आठवडाभर शाळेत गेली नव्हती. शाळा घरामागेच. पण पावणेअकरा वाजले की पोर कानांवर हात दाबून पलंगाखाली शिरायची. ‘शाळा म्हणते, नाव काढून घ्या. काय करू?’ उत्तरांची झुंबड उडाली. हट्ट आहे, लक्ष देऊ नका. चॉकलेट द्या. आमच्या डॉक्टरांना दाखवा. सात वाजता विषय बंद झाला. संजीवनीताईंनी नाव काढण्याचा अर्ज लिहायला घेतला.

विभावरी मात्र ‘पावणेअकरा’पाशीच थांबली होती. एवढ्या शहाण्यांनी सल्ले दिले, पण ते वाक्य कुणी नीट वाचलंच नव्हतं. बुधवारी दुपारी तिचं लिहून झालं. पाठवलं की आपण ग्रुपबाहेर, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने पाठवलं. ‘पावणेअकराला शाळेची घंटा होते का? ती नवी आहे का? लहानपणी मला विजेची घंटा कानात खिळा ठोकल्यासारखी लागायची. मला शाळा नको नव्हती. घंटा नको होती.’

पाच मिनिटांत काकूंनी तिला काढून टाकलं.

पण संजीवनीताईंनी ते वाचलं होतं. गुरुवारी त्या अर्ज घेऊनच शाळेत गेल्या आणि आधी घंटेचं विचारलं. शिपाई म्हणाला, “व्हय ताई, मागच्याच आठवड्यात बसवली की. आधी रुळाचा तुकडा टांगलेला हुता, त्योच वाजवायचो.” हेडमास्तर भले होते. त्यांनी तो तुकडा पुन्हा टांगायला लावला. शुक्रवारी ईश्वरी दप्तर घेऊन निघाली. अर्ज पर्समध्येच राहिला.

संध्याकाळी संजीवनीताईंनी सगळी हकिगत ग्रुपवर लिहिली. शेवटी लिहिलं, ‘काकू, माझ्या पोरीचं म्हणणं त्या एकट्यांनाच ऐकू आलं, आणि तुम्ही त्यांनाच काढलंत. त्यांना परत आणा, नाहीतर मीही निघाले.’

काकू खजील झाल्या. त्यांनी विभावरीला परत घेतलं आणि सगळ्यांदेखत माफी मागितली. विभावरीचं उत्तर दोन दिवसांनी आलं. या वेळी सगळे थांबले होते. ‘माफी नको. विषय उघडा ठेवा.’

काकूंनी तो नियमच काढला. मग ज्यांनी कधी एक अक्षर लिहिलं नव्हतं, अशी अकरा माणसं त्या महिन्यात बोलायला लागली. एकाने तर गेल्या दिवाळीतल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि ते बरोबर होतं.

तात्पर्य: उशिरा बोलणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असं समजू नये, बहुतेक वेळा घाई ऐकणाऱ्यालाच झालेली असते.