वेशीवरचा हत्ती

ऐका, लहानथोरहो. आपल्या खापरपणजोबांच्याही कितीतरी आधीच्या काळी, एका डोंगरी राज्यात एक राजा होता आणि त्याचा वज्रदंत नावाचा हत्ती होता.

एका लढाईत शत्रूने नगारे बडवले आणि वज्रदंत बिथरला. मागे फिरला तो थेट आपल्याच सैन्यात घुसला. कितीतरी जण त्याच्या पायाखाली मेले. जनावरच ते, आवाजाला भ्यालं. त्याला कोण बोल लावणार? पण हत्ती पळाला म्हणजे अंबारीतला राजाही पळालाच की! हे राजाला झोंबलं.

त्याने दरबारच्या चिताऱ्याला बोलावलं. चितारी लढाईत सोबत होता, त्याने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"वेशीच्या भिंतीवर वज्रदंत काढ," राजा म्हणाला. "सोंड उभारून शत्रूवर चालून जाणारा."

"पण महाराज, तो तर..."

"डोकं धडावर राहू द्यायचंय ना?"

चिताऱ्याने चित्र काढलं, आणि मेल्याने काढलंही असं देखणं की येणारे-जाणारे हात जोडू लागले. दसऱ्याला बायाबापड्या हत्तीला ओवाळू लागल्या. मेले ते शत्रूच्या हातून मेले, असं ठरून गेलं. ज्यांनी खरं पाहिलं होतं ते गप्प बसले, आणि हळूहळू त्यांनाही चित्रच खरं वाटू लागलं.

काही वर्षांनी पुन्हा लढाई उभी राहिली. चिताऱ्याचा एकुलता एक मुलगा आता हाताशी आला होता. राजाचा नाईक त्याला न्यायला दारात आला.

"आबा, काळजी करू नका," मुलगा म्हणाला. "मी वज्रदंताच्या पाठीशीच उभा राहीन. त्याच्याइतका भक्कम आडोसा कुठला? तो खरंच चित्रातल्यासारखा आहे ना?"

खरं ओठांवर आलं होतं. पण नाईक ऐकत होता, आणि जिवाची भीती फार वाईट.

"हो रे बाळा," चितारी म्हणाला. "अगदी तसाच."

रणात नगारे वाजले. वज्रदंत फिरला. राजा वाचला. पाठीशी उभी राहिलेली पोरं वाचली नाहीत.

राजाने चिताऱ्याला पुन्हा बोलावलं. "नवं चित्र काढ. या वेळी पायाखाली चिरडलेला शत्रूही दाखव."

चिताऱ्याने मुकाट्याने कुंचला उचलला. शत्रूचा अंगरखा काढला, शत्रूची पगडी काढली. पण त्या पायांखाली मेलेला एकच चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. हात तोच काढत गेला.

दसऱ्याला त्याची बायको इतर बायांबरोबर ओवाळायला आली. तिने हत्तीकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. हातातलं ताट पडलं.

"अहो, माझं लेकरू शत्रू कधी झालं?"

चितारी खाली वाकून पडलेलं ताट उचलू लागला. मागच्या बाया तिला ओलांडून पुढे आल्या आणि हत्तीला ओवाळू लागल्या.

तात्पर्य: भीतीपोटी रंगवलेलं खोटं शेवटी आपल्याच लेकरांच्या मुळावर येतं.