चिलटांना आवतण

एक होता राजा. भारी सोवळा! ताटाला दुसऱ्याची सावली लागली, तरी ताट बदलायचा, बरं का. त्याच्या अंगणात एक उंबर होता. ए सदू, पांघरूण ओढू नकोस, गोष्ट काही पळून जात नाही.

एकदा काय झालं, राजानं पिकलं उंबर फोडलं. आत बारीक बारीक चिलटं! "शी शी! माझ्या अंगणात किडे?" मग काय, सुटला हुकूम. तीन दिवस झाडाखाली कडुलिंबाची धुरी. चिलटं बिचारी गेली नदीपलीकडे.

मग उंबरं पिकेचनात. कच्चीच टपटप गळायला लागली. खायला काही नाही, म्हणून हरियाल उडून गेले, हरियाल म्हणजे हिरवे पारवे. मग पोपट गेले. मग खारीही गेल्या. अंगण कसं लख्ख! राजा खूश.

पण राजाला होती एक लेक, शेवंती. एवढीशी. राणी तिला रोज उंबराखाली भरवायची. हा घास हरियालाचा, हा पोपटाचा, हा खारुताईचा. आता पाखरूच नाही, तर घास कुणाचा? पोरीनं तोंड मिटलं ते मिटलंच. एक दिवस गेला, दोन गेले. गाल आत गेले हो लेकराचे. राणीच्या डोळ्यांचं पाणी खळेना.

मग शिंप्यानं कापडाचा पोपट शिवला. शेवंतीनं तो भिरकावून दिला. मग आचारी शेपूट लावून खार झाला. पोर हसली, पण घास काही घेईना. मग राजाच हिरवा शेला पांघरून उड्या मारायला लागला. "मी हरियाल! मी हरियाल!"

शेवंती म्हणाली, "मग उंबर खा."

राजानं वर पाहिलं. झाडावर पिकलं फळ एक नाही. त्याला रडूच आलं. म्हणाला, "उंबरबाबा, पिकत का नाहीस रे? माझं लेकरू उपाशी आहे."

आणि उंबर बोलला, बरं का! "माझी फुलं फळाच्या पोटात असतात. चिलटं आत शिरतील, तेव्हा मी पिकेन. तू हाकललंस, आता तूच आवतण दे."

मग राजा निघाला, अनवाणी. नदी ओलांडली. पलीकडच्या उंबराखाली हात जोडले. "चुकलो रे बाबांनो. घरी चला." चिलटं नाकात गेली, कानात गेली. पण राजानं हूं की चूं केलं नाही. चिलटांनी भरलेली फांदी छातीशी धरून घरी आणली.

मग बघता बघता उंबरं लाल झाली. इतक्यात कशी म्हणून काय विचारतेस, कुसे? गोष्ट आहे ती! हरियाल आले, पोपट आले, खारी आल्या. राजा स्वतः दूधभात कालवून बसला. "हा घास हरियालाचा..." शेवंतीनं असा मोठ्ठा आ केला, की घासाबरोबर राजाचं बोटच चावलं! "आई गं!" राजा ओरडला, आणि रडता रडता हसत सुटला.

मग सगळी पोटभर जेवली, सुखानं राहिली. त्यांची पोटं भरली, माझं तोंड दुखलं. आता तुम्ही झोपा बघू मुकाट्यानं.