ठकूबाईने रचलेले सरण

वेळूखेड गावी दयाळनाथ महाराज तीन वर्षे राहिले. गावाच्या पूर्वेला नदीच्या वळणावर एक जुनी चिंच होती, तिच्या पारावर त्यांचा मुक्काम असे. सकाळी भिक्षा आणावी, ती नदीकाठी बसून खावी आणि दुपार कलली की जमलेल्या लोकांशी चार गोष्टी बोलाव्यात, असा त्यांचा क्रम. त्या लोकांत सगळ्यांच्या मागे ठकूबाई बसायची.

ठकूबाईचा नवरा गावच्या मसणवट्यात सरण रचायचा. तो गेला तेव्हा त्याचे सरण रचायला कोणी पुढे आले नाही, म्हणून तिनेच ते रचले. तेव्हापासून गावात कोणी गेले की तिला बोलावणे यायचे. बारा वर्षे ती हे काम करत होती आणि एवढ्या वर्षांत तिने कुणाला अर्धवट जळू दिले नव्हते. काम आटोपले की नदीत अंघोळ करून, ओल्या लुगड्यानेच ती महाराजांच्या दर्शनाला यायची.

रंगराव देशमुखांना ते खपत नसे. गावात त्यांचा शब्द मोठा. ते पारासमोर पहिल्या रांगेत बसत. एकदा मागे वळून ते म्हणाले, "ठकूबाई, अशी टक लावून बघू नकोस माझ्याकडं. माप घेतेस की काय?"

लोक हसले. ठकूबाई म्हणाली, "न्हाय मालक. जित्या माणसाचं माप मी घेत न्हाय."

लोक पुन्हा हसले, पण या खेपेला हसू रंगरावांवर होते. ते त्यांना झोंबले. बाईच्या हातच्या सरणावर गेलेला जीव वाटेतच अडकतो, असे ते चारचौघांत बोलू लागले. हिला इथे बसू देऊ नका, असे त्यांनी महाराजांनाही सांगितले. महाराज एवढेच म्हणाले, "रंगराव, ती दमून येते. बसू द्या."

त्याच साली मार्गशीर्षात रंगरावांच्या पत्नी उमाबाई आजारी पडल्या. मूलबाळ नव्हते, घरात ती दोघेच. दीड महिना रंगराव त्यांच्या उशाशी बसून होते. शेवटच्या रात्री उमाबाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, "माझं सरण ठकूबाईला रचू द्या. तिचा हात हळुवार आहे." रंगरावांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उमाबाई गेल्या.

मान हलवली खरी, पण ठकूबाईला बोलवायला त्यांची जीभ उचलेना. देशमुखांच्या घरची बाई चार लाकडांवर जायची नाही, असे म्हणून त्यांनी परसातला आंबा तोडायला लावला. गड्यांनी त्याचे ओंडके मसणवट्यात नेऊन भिंत बांधावी तसे एकाला एक घट्ट रचले. एवढे उंच सरण गावाने पाहिले नव्हते. ठकूबाई मसणवट्याच्या कडेला आपल्या खोपटापाशी उभी राहून बघत होती. तिला कोणी जवळ बोलावले नाही.

तिसऱ्या प्रहरी प्रेत आणले. पुढे रंगराव, हातात मडके, मडक्यात घरच्या चुलीतला विस्तव. त्यांनी अग्नी दिला. तूप ओतले तसा जाळ उठला, आणि तूप संपताच बसला. ओंडक्यांच्या टोकांना पाण्याचे थेंब आले. पुन्हा गोवऱ्या घातल्या, पुन्हा फुंकले. धूर झाला, डोळे चुरचुरले, पण लाकडाने पेट घेतला नाही. तिसऱ्या वेळी रंगरावांनी मडक्यातला होता नव्हता तो विस्तव ओतला आणि मडके खाली ठेवले. तोही विझला.

दिवस मावळतीला आला होता. सूर्य बुडाल्यावर त्या गावात अग्नी देत नसत. घरच्या विस्तवावाचून दुसऱ्या विस्तवाने सरण पेटवत नसत, आणि घरची चूल तर मडके भरून निघतानाच रीतीप्रमाणे पाणी मारून विझवली होती. आता काय करावे, कोणाला सुचेना. रंगराव मटकन खाली बसले. दीड महिन्यात ते रडले नव्हते, ते आता रडले.

एवढ्यात महाराज नदीकाठाने आले. त्यांनी सरणाकडे पाहिले, रंगरावांकडे पाहिले आणि विचारले, "उमाबाई काही सांगून गेल्या होत्या का?"

रंगरावांनी मान खाली घातली आणि सगळे सांगितले. मग ते उठले, खोपटापाशी गेले. ठकूबाईच म्हणाली, "चला मालक. दिस थोडा ऱ्हायलाय."

तिने प्रेत अलगद उतरवायला सांगितले. एका ओंडक्यावर हात ठेवून म्हणाली, "आंबा ओला हाय. आन् वाऱ्याला शिरायला जागाच ठिवली न्हाय." खोपटातून तिने बाभळीची सुकी लाकडे काढली. एका गड्याने विचारले, एवढी लाकडे कुणासाठी साठवली होतीस? ती म्हणाली, "माझ्यासाठी. माझ्यामागं कोण आणनार? पण मला अजून येळ हाय." नदीकडून वारा येत होता. त्या अंगाला हातभर फट ठेवून तिने सरण रचले. उमाबाईंना वर ठेवल्यावर छातीवर जाड लाकडे दिली, फटीच्या तोंडाशी बारीक काटक्या.

"सरण झालं महाराज," ती म्हणाली, "पर इस्तव न्हाय."

महाराजांनी रंगरावांना विचारले, "मडक्यातला विस्तव कुणाचा होता?"

"तिचाच," रंगराव म्हणाले. "लग्न होऊन आली तेव्हापासून रोज निजताना निखारा राखेत पुरून ठेवायची. तिची चूल कधी विझली नाही."

"मग आज कशी विझेल?" महाराज म्हणाले. "ठकूबाई, मडक्यात बघ."

रंगरावांनी स्वतः रिते केलेले मडके. तळाशी मूठभर गार राख होती. ठकूबाईने डोळे मिटून महाराजांचे नाव घेतले आणि राखेत बोटे घातली. पटकन मागे घेतली. राख बाजूला झाली आणि खाली बोराएवढा निखारा लालभडक फुलला!

तिने मडके रंगरावांच्या हाती दिले. तिने खालून आधार दिला. निखारा फटीतल्या काटक्यांवर पडला, वारा आत शिरला आणि एका दमात सरण पेटले. सूर्याची कड अजून डोंगरावर होती.

रंगराव महाराजांच्या पायांवर पडायला वाकले. महाराज मागे सरले आणि म्हणाले, "मी नुसतं बघ म्हणालो. सरण तिनं रचलं."

तेव्हा साऱ्या गावादेखत रंगराव देशमुखांनी ठकूबाईच्या राखेने माखलेल्या पायांवर डोके ठेवले. ती संकोचली. मग त्यांना खांद्याला धरून उठवत हळूच म्हणाली, "मालक, आता घरी जा. मागं वळून बघू नगा. शेवटचं लाकूड जळंस्तवर मी हाय हितं, बाईसायबांपाशी."

रंगराव मागे न बघता गेले. महाराज मात्र ठकूबाईशेजारी, जमिनीवर, सरण शांत होईपर्यंत बसून राहिले.