साळुंकीची हजेरी

खूप मागे, जेव्हा पाखरांना बोलता यायचं आणि माणसांना ते ऐकायला सवड असायची, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक वैद्यशाळा होती. गावोगावची पोरं-पोरी तिथे झाडपाल्याचं शास्त्र शिकायला येत. शिकवणारे एकच, म्हातारे वैद्यबुवा. आवाज बारीक, पण शिस्त अशी की भल्याभल्यांना घाम फुटावा.

सकाळी ओसरीवर पाठ. दुपारी पडवीत खल-बत्ता, म्हणजे जे ऐकलं ते हाताने करून बघायचं. संध्याकाळी शंका विचारायच्या, आणि ज्याला शंका नाही त्याने काही ऐकलंच नाही, असं बुवा धरून चालत. शिवाय प्रत्येकाला एक झाड नेमून दिलेलं असे. त्याचा वाफा राखायचा, वर्षभर त्याच्यापुढे बसायचं आणि दर अमावास्येला काय उमगलं ते सगळ्यांसमोर मांडायचं. वर्षअखेरीला परीक्षा. जो उतरेल त्याला बुवा दगडी खल देत, आणि तो खल घेऊन गावी गेला की तो गावचा वैद्य.

हजेरीचं काम साळुंकीकडे होतं. ती आढ्यावर बसून एकेकाचं नाव पुकारी. पोराने "हजर" म्हटलं की त्याच्या गाडग्यात एक चिंचोका टाकी. नाही म्हटलं तर नाही टाकत. बुवा म्हणत, पाखरू आहे म्हणून बरं, माणूस असता तर ओळखीपाळखीत चिंचोके वाटत सुटला असता.

या शाळेत विसाजी नावाचा एक मुलगा होता. त्याच्या गावात चुन्याच्या भट्ट्या. सारा गाव धुरात आणि पांढऱ्या धुळीत राबायचा, आणि सारा गाव खोकायचा. गावचा जुना वैद्य वारला, तेव्हा लोकांनी घराघरातून मूठमूठ धान्य काढलं आणि विसाजीला शिकायला धाडलं. पोचवायला आलेले काका निघताना एवढंच म्हणाले होते, "विसू, खल घेऊनच ये रे. गाव खोकून खोकून थकलंय."

पोरगा हुशार होता. खोट होती ती वेगळीच, आणि ती पहिल्याच दिवशी वर आली.

बुवांनी झाडं वाटली. सगुणा नावाच्या मुलीला मिळाला कुडा. कुडा म्हणजे रानातलं झाड, त्याच्यासाठी डोंगर चढायचा, साल काढायची, तासन्‌तास आटवायची. आणि विसाजीला काय मिळालं? अडुळसा. जो कुंपणाला लावतात, तो! विसाजीच्या डोक्यात तिडीक गेली. नावाडी बापाच्या पोरीला रानातलं झाड आणि आपल्याला कुंपणातलं? त्याने बुवांना विचारलं नाही की मला हेच का दिलंत. विचारलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ज्याच्या पोटात दुखतं तो तोंड उघडत नाही, डोळे मात्र उघडे ठेवतो.

आणि डोळे ठेवले ते सगुणेवर. ती खलात किती वेळ घोटते, काढा कधी उतरवते, बुवा तिच्याशी बोलताना हसले का, हसले तर का हसले, सगळं तो टिपून घेई. एका अमावास्येला सगुणेने पांढरा कुडा आणि काळा कुडा कसा ओळखायचा ते दाखवलं. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या. गुण पांढऱ्यात, फसगत काळ्यात. बुवा म्हणाले, "बरं पाहिलंस." झालं! विसाजीला त्या दिवशी जेवण गेलं नाही. स्वतःची पाळी आली तेव्हा त्याने पाठात ऐकलेलंच चार वाक्यांत म्हणून दाखवलं आणि खाली बसला. त्याच्या वाफ्यात अडुळसा पानं टाकून उभा होता. पाणी घालायचं राहून जाई. कुंपणाचं झाड, त्याला काय होतंय?

सगुणा नदीपलीकडे राहायची. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती शाळेत मुक्काम न करता रोज बापाच्या होडीने येई. नदीला पूर आला की होडी बंद, आणि सगुणा गैरहजर. तिचं गाडगं त्यामुळे अर्धवट भरलेलं. विसाजीचं मात्र चिंचोक्यांनी काठोकाठ. जाता-येता तो दोन्ही गाडग्यांत डोकावे आणि त्याला जरा गार वाटे. आपलं ठेवायचं झाकून अन्‌ दुसऱ्याचं बघायचं वाकून, त्यातली गत.

तरी बुवा तिला रागवत नाहीत, हे त्याच्या डोळ्यांत खुपू लागलं. शेवटी एक दिवस तो बुवांपुढे उभा राहिलाच. त्याने सांगितलं, की चुकणाऱ्याने भरपाईचं काम करायचं असा शाळेचा नियम आहे, मग तो सगुणेला का नाही? नदी काय तिच्या एकटीसाठी वाहते?

बुवा म्हणाले, "खरं आहे. नियम तो नियम."

भरपाई अशी होती, की चुकलेल्याने संध्याकाळी थांबून ज्या वाफ्याची सर्वांत आबाळ झाली असेल त्याची सेवा करायची. तण काढायचं, माती मोकळी करायची, झाड नीट बघायचं. आता शाळेत सर्वांत आबाळलेला वाफा कोणाचा, हे काय सांगायला हवं? सगुणा खुरपं उचलून विसाजीच्या अडुळशाचा वाफा निंदू लागली. विसाजी ओसरीवर बसून बघायचा. त्या पावसाळ्याइतका आनंद त्याला कधीच झाला नव्हता. ही माझ्या झाडाची चाकरी करते, मी बसून राहतो! पूर येई, सगुणा चुके, भरपाई करी, आणि अडुळसा हिरवागार होई.

वर्ष सरलं. परीक्षेच्या सकाळी चुनाभट्टीच्या गावाहून बैलगाडी येऊन दारात उभी राहिली. बैलांच्या शिंगांना गोंडे बांधले होते. काकांनी विसाजीसाठी नवं पागोटं आणलं होतं आणि ते मांडीवर धरून बसले होते. दर थोड्या वेळाने खोकत होते.

साळुंकीने नावं पुकारली. सगळे हजर होते. बुवा म्हणाले, यंदा प्रत्येकाला एकच प्रश्न, आपल्या झाडाबद्दल सांगा. विसाजी पुढे आला. त्याने गळा साफ केला आणि बोलायला लागला, की अडुळशाची साल जून झाल्यावर काढावी, मंद आचेवर पुष्कळ वेळ आटवावी, आणि शेंगा आधी बघून घ्याव्यात, टोकं चिकटलेली असतील तर...

मागे कोणीतरी फसकन हसलं. विसाजी थांबला. आपण काय बोलतोय ते त्याच्या कानावर आत्ता पडलं.

"विसू, हा कुडा झाला," बुवा म्हणाले. "अडुळशाचं सांग. शेळी त्याला तोंड लावते का?"

विसाजीला आठवेना. आठवेना म्हणजे काय, ते त्याने पाहिलंच नव्हतं. बुवांनी इतरांना विचारलं, तर कोणालाच ठाऊक नव्हतं. सगुणा मान खाली घालून बसली होती. बुवांनी तिचं नाव घेतलं तेव्हा तिला उठावं लागलं. तिने सांगितलं, की शेळ्या कुंपणाचं सगळं ओरबाडून खातात, पण अडुळशाला तोंड लावत नाहीत. पान कडू असतं. पण तेच पान वाफवून त्याचा रस काढला आणि मधातून दिला, तर छातीत साठलेला कफ सुटतो. पूर ओसरला की ती पडलेली पानं घरी नेई, आईला खोकला होता, तिच्यावर करून पाहिलं होतं. हे सांगताना तिला अपराध्यासारखं वाटत होतं.

विसाजीचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो गाडग्याकडे बोट दाखवून म्हणाला, "पण बुवा, माझं गाडगं भरलंय. मी एक दिवस चुकलो नाही."

यावर बुवा बोलायच्या आत वरून साळुंकी बोलली. "नाव मी तुझं घ्यायचे, हजर तू म्हणायचास, आणि बघायचास तिच्याकडे. मी चिंचोका टाकला तो तुझ्या आवाजाला, बाबा. तू कुठे होतास ते तुझं तुला ठाऊक."

बुवा उठून विसाजीजवळ आले. ते रागावले असते तर विसाजीला सोपं गेलं असतं. ते हळूच म्हणाले, "तुझं गाव खोकतं, म्हणून तुला अडुळसा दिला होता. मला वाटलं, एक दिवस तरी विचारशील."

त्या वर्षी दगडी खल सगुणेला मिळाला. आणि खोकणारं गाव आणखी वर्षभर थांबणार कसं? बुवांनी काकांना विनंती केली, की या मुलीला न्या. काकांनी पागोटं घडी करून पिशवीत ठेवलं. शिंगांना गोंडे बांधलेली ती गाडी आधी नदीकाठी जाऊन, बापाने होडीतून अलीकडे आणलेल्या सगुणेच्या आईला घेणार होती आणि मग विसाजीच्या गावाला लागणार होती.

गाडी निघण्याआधी सगुणा वाफ्यापाशी आली. "विसाजी, लावायला थोड्या फांद्या नेऊ का?" तिने विचारलं. "झाड तुझं आहे."

वर्षभर तिचं वाईट चिंतणाऱ्या विसाजीला त्या एका वाक्याने रडू फुटलं. मान हलवून हो म्हणण्यापलीकडे त्याला काही करता आलं नाही. मग त्याने स्वतःच कोयता घेतला आणि चांगल्या जाडजूड फांद्या निवडून तिला कापून दिल्या. आपल्या झाडाला त्याने हात लावला तो त्या दिवशी, पहिल्यांदा.

दुसऱ्या सकाळी नव्या पोरांबरोबर तो पुन्हा ओसरीवर बसला. साळुंकीने नाव घेतलं. विसाजी लगेच बोलला नाही. त्याने आधी आपल्या वाफ्याकडे पाहिलं, कापलेल्या फांद्यांच्या जागी डोळे फुटायला किती दिवस लागतील याचा विचार केला, आणि मग म्हणाला, "हजर." साळुंकीनेही जरा थांबून, मान वाकडी करून त्याला नीट निरखलं, आणि चिंचोका टाकला.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो दुसऱ्यावरच डोळा ठेवून बसतो, तो आपल्या जागी बसूनही गैरहजरच असतो.