गेनूबाबाचा खांदा

फार फार वर्षं झाली, आमच्या पिंपळदरीत मेथडिस्ट ख्रिस्ती मंडळींना प्रार्थनामंदिर बांधायचं होतं. गावात गवंडी एकच, गेनू पाथरवट, आणि त्यानं जन्मभर विहिरींशिवाय काही बांधलं नव्हतं. पण काळा दगड त्याचं ऐकायचा, असं म्हणतात. तो नुसता हात फिरवायचा आणि दगड आपण होऊन जागेवर बसायचा.

टोकदार कमानींच्या खिडक्या झाल्या, घंटेचा माळा झाला. आतला उजेड विहिरीतल्यासारखा हिरवट आणि गार. पण सवय कुठे जाते? गेनूनं विहिरीत काढतात तशा आतल्या भिंतीतूनही दगडी पायऱ्या काढल्या, थेट माळ्यापर्यंत. त्यातली सगळ्यात खालची जमिनीपासून माणसाच्या खांद्याइतकी उंच! सगळं गाव पोट धरून हसलं. पास्टर शिमोननी कपाळाला हात लावला.

"अरे गेनू, ही पायरी हवेतच सुरू होते की!"

"हाताचं वळन हाय, साहेब. हिरीत तिच्याखाली पानीच असतंया."

"देवाच्या घरात पाणी कुठून येणार? रविवारच्या आत तोडून टाक."

गेनूला फार लागलं. त्यानं छिन्नी घेतली, पण हात उचलेना.

शनिवारी दुपारी, लख्ख उन्हात, नदी गावात शिरली. पाऊस दूर डोंगरात पडला होता. सगळं गाव त्या दगडी इमारतीत धावलं, आणि मागोमाग पाणीही आलं, गोल फिरत, आवाज न करता. गेनू पहिल्या पायरीखाली भिंतीला टेकून उभा राहिला.

"पाय ठिवा," म्हणाला.

त्याच्या खांद्यावरून म्हातारे चढले, लेकुरवाळ्या चढल्या, हसणारे सगळे चढले. पायऱ्या अकराच होत्या, पण त्या दिवशी जेवढी माणसं तेवढ्या पायऱ्या झाल्या, असं म्हणतात. शेवटी पास्टर चढले. त्यांनी वळून हात खाली दिला, पण तो पोचला नाही. गेनूला खांदा द्यायला खाली कुणी उरलंच नव्हतं.

पाणी ओसरलं, गेनू सापडला नाही. तो भिंतीत मिसळला, असं म्हणतात. तिथला दगड अजून कोमट लागतो. मी स्वतः हात लावून पाहिलाय, हसू नका.

पुढे मंडळी तालुक्याला गेली, घंटाही गेली. आता तिथे गावाचं वाचनालय आहे. मूल वाचायला लागलं की आधी इथे आणतात. कुणीतरी भिंतीला टेकून उभं राहतं, मूल म्हणतं, "पाय ठेवते, गेनूबाबा," आणि खांद्यावरून चढून पायरीवर ठेवलेलं आपलं पहिलं पुस्तक काढतं.

आणि दर वर्षी त्या शनिवारी पहिल्या पायरीला नवं लुगडं बांधतात, जमिनीला टेकेल असं. गेनूबाबाला वर यायला.